चालत्या यंत्राची नाडी
संगणकाच्या गाभ्यात सुरक्षितपणे डोकावण्याचा इतिहास

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवून दाखवली. पुढच्या काही आठवड्यांतच या यंत्राचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना एका अनपेक्षित गोष्टीचा अनुभव आला. एक गणिती समीकरण सोडवण्यासाठी त्यांनी १२६ ओळींची आज्ञावली लिहिली होती. तिच्यात वीसेक चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपल्याला तेव्हा झाली असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

चूक शोधायची तर यंत्र आत काय करते आहे हे दिसायला हवे. विल्क्स यांचे तरुण सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी दोन मार्ग होते. पहिला म्हणजे यंत्र थांबल्यावर त्याच्या स्मृतीतील सर्व आकडे छापून काढायचे. याला शवविच्छेदन असेच म्हणत. दुसरा म्हणजे मूळ आज्ञावली थेट यंत्राच्या हाती न देता एका तपासणाऱ्या आज्ञावलीच्या हाती द्यायची. ही दुसरी आज्ञावली पहिलीतील एकेक आज्ञा वाचते, पार पाडते आणि तिची खूण कागदावर छापते.

पहिल्या मार्गात रोगी मेल्यावरच रोग कळतो. दुसऱ्यात रोगी जिवंत राहतो, पण त्याची चाल इतकी मंदावते की तो मूळचा रोगी राहतच नाही. शाळा तपासणीला साहेब आले की वर्ग एरवीपेक्षा शांत बसतो, हा आपल्या नेहमीच्या अनुभवातला प्रकार आहे. निरीक्षणाने निरीक्षित वस्तू बदलते. चालत्या यंत्राची नाडी हातात घ्यावी, पण नाडीचा ठेका बदलू नये आणि हृदय तर मुळीच बंद पडू नये, यासाठी गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे जी धडपड झाली, तिची ही हकिगत आहे.

गाभा कशाला म्हणतात?

आज आपल्या समोरच्या संगणकावर किंवा खिशातल्या फोनवर एकाच वेळी कितीतरी आज्ञावल्या चालू असतात. त्या सर्वांना एकच स्मृती, एकच तबकडी आणि मोजकेच प्रोसेसर वाटून घ्यायचे असतात. ही वाटणी करणारी जी आज्ञावली असते, ती कार्यप्रणालीचा गाभा. इंग्रजी शब्द कर्नेल असा आहे. कर्नेल म्हणजे फळाच्या कठीण कवचातला गर.

प्रोसेसरला कमीत कमी दोन अवस्था असतात. सामान्य आज्ञावली चालू असताना तो मर्यादित अधिकारांच्या अवस्थेत असतो. अशा आज्ञावलीने दुसऱ्याच्या स्मृतीला हात लावला तर यंत्र तिला तेथल्या तेथे थांबवते. बाकीचे काम चालू राहते. फाइल उघडणे, संदेश पाठवणे अशा कामांसाठी तिला गाभ्याला विनंती करावी लागते. गाभा चालू असताना मात्र प्रोसेसर पूर्ण अधिकारांच्या अवस्थेत असतो. त्याला अडवणारे वर कोणी नाही. म्हणूनच गाभ्यातल्या एका चुकीने सारा संगणक बंद पडू शकतो.

अडचण इथेच सुरू होते. संगणक मंद का झाला, कोणती आज्ञावली तबकडीवर सारखी धाव घेते आहे, संदेश कुठे अडकला आहे, अशा प्रश्नांची उत्तरे गाभ्यातच असतात. ती काढण्यासाठी गाभ्याच्या आत एखादी शलाका घालावी लागते. वैद्य जखमेची खोली पाहण्यासाठी शलाका घालतो, तशीच ही छोटी आज्ञावली. गाभ्यातील ठरावीक जागी काम पोहोचले की ती क्षणभर चालते, काय चालले आहे ते टिपते आणि बाजूला होते. पण गाभ्यात शिरलेल्या या पाहुण्यालाही पूर्ण अधिकार मिळतात. त्याने चूक केली, तर ती गाभ्याचीच चूक ठरते.

बर्कलीचा हेर

या कोड्याचे पहिले नीटस उत्तर अनेकांना वाटते त्यापेक्षा बरेच जुने आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९६० च्या दशकात एसडीएस ९४० या संगणकासाठी एक कार्यप्रणाली तयार झाली. अनेक जण एकाच वेळी तो संगणक वापरत. गाभ्यात वेळ कुठे खर्च होतो हे मोजण्यासाठी पीटर डॉइच आणि ग्रँट यांनी एक साधन केले आणि १९७१ साली त्याविषयी निबंध वाचला.

या साधनाची मजा अशी, की ज्याच्यावर विश्वास ठेवावा असे काही कारण नाही, अशा सामान्य वापरकर्त्यालाही गाभ्यात आपले ठिगळ लावता येई. बटलर लॅम्पसन यांनी १९८३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात या ‘हेरा’चे वर्णन केले आहे. ठिगळ यंत्रभाषेतच लिहायचे. ते बसवण्याआधी कार्यप्रणाली त्याची तपासणी करी. त्यात भलतीकडे उडी नाही ना? कुठे चक्राकार पुनरावृत्ती नाही ना? ते फार लांब तर नाही? आणि ते जे काही लिहील ते मोजमापांसाठी नेमून दिलेल्या जागेतच लिहील ना? चारही उत्तरे समाधानकारक असली तरच ठिगळ आत जाई.

या चार प्रश्नांमागचा विचार नीट पाहावा. तपासणीत ठिगळ लिहिणाऱ्याचे नाव, हुद्दा किंवा ज्ञान विचारलेले नाही. फक्त ठिगळच तपासले आहे. माणसावरच्या विश्वासाऐवजी पुरावा मागण्याची ही पद्धत नंतर बरीच वर्षे मागे पडली. तिला पुन्हा मुख्य प्रवाहात यायला चार दशके लागली.

नऊ हजार ओळींचे पाठ्यपुस्तक

मधल्या काळात गाभ्यात डोकावण्याचा रूढ मार्ग होता तो गाभा संपूर्ण वाचून समजून घेण्याचा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांना विद्यार्थ्यांना कार्यप्रणाली शिकवायची होती. त्यांनी युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा निवडला. तो सुमारे नऊ हजार ओळींचा होता, म्हणजे एका माणसाला वर्षभरात वाचून समजेल एवढा. लायन्स यांनी तो छापला आणि शेजारी ओळीओळीने टीका लिहिली. १९७७ पर्यंत हे दोन भाग विद्यार्थ्यांच्या हाती आले होते. आपल्याकडे सूत्रग्रंथावर भाष्य लिहिण्याची जी परंपरा आहे, तिच्याशी ही कल्पना जुळणारी आहे.

पुढे अमेरिकन टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिने युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७९ पासून, मूळ आज्ञावली वर्गात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य अधिकृतपणे मिळेनासे झाले. पण जगभरातील विद्यार्थ्यांनी त्याच्या छायाप्रती काढल्या, त्या छायाप्रतींच्याही छायाप्रती काढल्या. ग्रंथरूपाने ते उघडपणे विकत मिळू लागले ते १९९६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी लायन्स वारले.

या मनाईचा एक परिणाम शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी म्हणून मिनिक्स ही नवी छोटी कार्यप्रणाली १९८७ साली स्वतःच लिहून काढली. तीच वापरत असलेल्या फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. लिनक्सची पहिली आवृत्ती साधारण दहा हजार ओळींची होती. आज ती तीन कोटी ओळींच्या पुढे गेली आहे. यातला मोठा भाग निरनिराळ्या उपकरणांसाठी लिहिलेला आहे हे खरे. पण संपूर्ण गाभा वाचून मग त्यात शलाका घालायची, हा मार्ग आता कोणाही एका माणसासाठी खुला राहिलेला नाही.

एक बाइटची युक्ती

शलाका प्रत्यक्ष बसते कशी? लिनक्समध्ये २००४ साली, २.६.९ या आवृत्तीत, केप्रोब्ज नावाची सोय आली. तिच्यामागे आयबीएम कंपनीतील काही वर्षांचे काम होते आणि त्यात भारतीय अभियंत्यांचा महत्त्वाचा वाटा होता. २००६ साली कॅनडातील ओटावा येथे केप्रोब्जच्या अंतरंगावर वाचल्या गेलेल्या निबंधाच्या लेखकांत अनंत माविनकायनहळ्ळी आणि प्रसन्न पंचमुखी ही नावे आहेत.

युक्ती अशी. गाभ्यातील आज्ञा स्मृतीत आकड्यांच्या रूपाने एकापुढे एक मांडलेल्या असतात. ज्या आज्ञेपाशी डोकावायचे तिची प्रत आधी बाजूला काढून ठेवायची. मग मूळ जागेच्या पहिल्या बाइटवर एक खास आकडा लिहायचा. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर हा आकडा २०४ आहे. त्याचा अर्थ ‘इथे थांब आणि गाभ्याला कळव’ असा. प्रोसेसर तिथे आला की थांबतो. गाभा आपली शलाका चालवतो. नंतर बाजूला ठेवलेल्या प्रतीतील मूळ आज्ञा एकटीच पार पाडली जाते आणि काम पुढच्या आज्ञेपासून पूर्ववत सुरू होते.

हा थांबण्याचा संकेत एकाच बाइटचा का? या प्रोसेसरच्या काही आज्ञा एका बाइटच्या तर काही बऱ्याच लांब असतात. संकेत दोन बाइटचा असता तर एका बाइटच्या आज्ञेवर तो बसवताना शेजारच्या आज्ञेचा पहिला बाइट पुसला गेला असता. सर्वांत लहान आज्ञेवरही बसेल अशी टाचणी हवी, म्हणून ती एका बाइटची.

पण केप्रोब्जमध्ये बर्कलीच्या हेरासारखा तपासनीस नव्हता. शलाकेत काय लिहावे हे लिहिणाऱ्याच्या शहाणपणावर सोपवलेले होते. हे शहाणपण म्हणजे गाभ्याच्या अंतर्भागाचे ज्ञान. त्याचे काही नमुने पाहू.

पहिला नियम : शलाकेने झोपू नये. गाभ्याच्या भाषेत झोपणे म्हणजे एखादी गोष्ट मिळेपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याच्या हवाली करणे. शलाका अशा क्षणी चालते की तेव्हा हवाली करणे शक्यच नसते. तिथे ती थांबून राहिली तर तो प्रोसेसर अडकून बसतो.

दुसरा नियम : कुलुपांना जपावे. गाभ्यात एकाच यादीवर दोन प्रोसेसरांनी एकदम काम करू नये म्हणून यादीला कुलूप असते. ज्या कामाला शलाका लावली त्या कामाने आधीच ते कुलूप लावलेले असेल आणि शलाकेनेही तेच मागितले, तर शलाका कुलूप सुटण्याची वाट पाहील. कुलूप सुटायचे तर मूळ काम पुढे सरकायला हवे, आणि ते तर शलाकेसाठी थांबलेले. दोघेही कायमचे अडकतील.

तिसरा नियम : स्वतःलाच टोचू नये. शलाका चालवणाऱ्या भागातच शलाका घातली तर ती चालताना पुन्हा तीच चालवण्याची वेळ येते, आणि याला अंत नाही. म्हणून गाभ्यातील काही भागांना शलाका लावण्यास केप्रोब्ज साफ नकार देतो.

हे नियम पुस्तकात वाचून पाठ होतात. पण आपण निवडलेल्या जागी नेमके कोणते कुलूप लागलेले असते, हे गाभ्याचा तो भाग वाचल्याशिवाय कळत नाही. जाणकाराच्या हाती केप्रोब्ज हे उत्तम हत्यार होते. नवख्याच्या हाती तेच हत्यार चालत्या यंत्राला घातक होते.

चौसष्ट प्रोसेसरांचे कोडे

डिसेंबर १९९७ मधली एक घटना ब्रायन कँट्रिल यांनी पुढे लिहून ठेवली आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ६४ प्रोसेसरांचा नवा संगणक नुकताच जाहीर केला होता. त्याची शक्ती दाखवणारी एक चाचणी घेताना विचित्र प्रकार होऊ लागला. मध्येच चाचणीचे काम जवळपास ठप्प होई, गाभा मात्र अतोनात कामात असे. काही मिनिटांनी सारे आपोआप ठीक होई. कंपनीतील जाणकार कित्येक दिवस झटले, तेव्हा कारण सापडले. तो संगणक चुकून अशा रीतीने मांडला गेला होता की जाळ्यातील इतरांचे संदेश पुढे पोहोचवण्याचे पोस्टमनचे कामही तो करत होता.

चूक किरकोळ होती, शोध मात्र महागात पडला. यंत्र चालू असतानाच ‘तू सध्या कोणाचे काम करतो आहेस?’ असे त्याला विचारण्याची सोय नव्हती, हे त्याचे कारण. कँट्रिल, मायकेल शपिरो आणि ॲडम लेव्हेंथॉल या तिघांनी मग डीट्रेस हे साधन तयार केले. २००५ साली सोलॅरिस १० या कार्यप्रणालीबरोबर ते सर्वांच्या हाती आले.

डीट्रेसची अट कडक होती. बँक, टेलिफोन, रुग्णालय यांच्या चालत्या यंत्रावर ते निर्धास्तपणे वापरता आले पाहिजे. वापरात नसताना त्याचा भार शून्य असावा. प्रश्न विचारणाऱ्याने कितीही मूर्खपणाचा प्रश्न विचारला तरी यंत्र बंद पडू नये. म्हणून प्रश्न विचारण्याची वेगळी भाषाच घडवली आणि तिच्यात पुनरावृत्तीची आज्ञा मुद्दाम ठेवली नाही. शलाकेने स्मृतीतला भलताच पत्ता वाचायला घेतला तर ते ध्यानात येई, ती शलाका तेवढ्यापुरती रद्द होई आणि गाभा आपल्या कामाला लागे. बर्कलीच्या हेराची जात पुन्हा जन्माला आली होती.

टपाल चाळणाऱ्या गाळणीपासून तपासनिसापर्यंत

याच विचाराची दुसरी शाखा संदेशांच्या जाळ्यांतून वाढली. संगणकाकडे येणाऱ्या हजारो संदेशांतून हवे तेवढेच निवडायचे तर निवड गाभ्यातच झालेली बरी, नाहीतर प्रत्येक संदेशाची नक्कल बाहेर काढण्यातच वेळ जातो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी जानेवारी १९९३ च्या एका परिषदेत अशा गाळणीचा आराखडा मांडला. वापरकर्ता लहानशा काल्पनिक यंत्रासाठी आज्ञावली लिहितो, गाभा ती तपासतो आणि मग प्रत्येक संदेशावर चालवतो. त्यातला एक नियम असा, की उडी मारायची ती पुढच्याच आज्ञेवर, मागे कधीही नाही.

लिनक्समध्ये २०१४ साली अलेक्सी स्टारोव्होइटोव्ह यांनी ही गाळणी वाढवून तिचे सर्वसाधारण यंत्र केले. ईबीपीएफ या नावाने ते ओळखले जाते. २०१५ मध्ये या आज्ञावल्या केप्रोब्जच्या टाचण्यांना जोडता येऊ लागल्या. टाचणीची जुनी युक्ती आणि तपासनिसाची त्याहून जुनी कल्पना अशा रीतीने एकत्र आल्या.

हा तपासनीस आज्ञावली न चालवताच तिची परीक्षा घेतो. प्रत्येक फाट्यावर दोन्ही वाटांनी जाऊन पाहतो. प्रत्येक ठिकाणी कोणत्या खणात काय असेल, एखादी संख्या कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असेल, याची नोंद ठेवतो. समजा, दहा घरांच्या यादीतले एखादे घर वाचायचे आहे. घराचा क्रमांक ० ते ९ च्या आतच राहील असे आज्ञावलीवरून सिद्ध झाले तर परवानगी, नाहीतर नकार. सुरुवातीला आज्ञांची कमाल संख्या ४०९६ होती आणि पुनरावृत्तीला बंदी होती. २०१९ मध्ये, जी पुनरावृत्ती नक्की संपेल असे तपासनिसाला पटते, तेवढीला मुभा मिळाली.

अशी तपासणी कधी परिपूर्ण होईल का? याचे उत्तर १९३६ सालीच मिळाले आहे. कोणतीही आज्ञावली दिली तरी ती कधी थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी तेव्हा सिद्ध केले. म्हणून प्रामाणिक तपासनिसाला एकच मार्ग उरतो. शंका आली की नकार द्यायचा. त्यामुळे काही निर्दोष आज्ञावल्याही परत पाठवल्या जातात. सुरक्षिततेची ही किंमत आहे आणि ती गणिताने ठरवलेली आहे.

तपासनीसच चुकला तर?

तपासनीस हीसुद्धा माणसाने लिहिलेली आज्ञावलीच. मार्च २०२० मध्ये एका सुरक्षा-स्पर्धेत लिनक्सच्या याच तपासनिसातील चूक उघड झाली. काही तुलनांनंतर एखाद्या संख्येच्या मर्यादा तो चुकीच्या धरत होता. संख्या लहान आहे असे त्याला वाटे, प्रत्यक्षात ती तशी नसे. त्या फटीतून सामान्य वापरकर्त्याला साऱ्या यंत्राचा ताबा घेता येत होता. अशा अनुभवांनंतर सामान्य वापरकर्त्याला ईबीपीएफ वापरण्याची मुभा २०२२ पासून लिनक्सच्या मूळ मांडणीतच बंद ठेवली जाऊ लागली. परवाना पुन्हा एकदा माणूस पाहून दिला जाऊ लागला.

याहून मोठा धडा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे सुरक्षा-साधन विंडोज कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसून यंत्रावर लक्ष ठेवत असे. त्या दिवशी त्याला नवी माहिती पाठवली गेली. माहितीत २१ रकान्यांची अपेक्षा होती, साधनाकडे मात्र २० रकानेच होते. एकविसावा वाचायला जाताच ते आपल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागले आणि गाभा कोसळला. ही माहिती पाठवण्याआधी तपासणारी आज्ञावली होती, पण तिच्यातच चूक होती. जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने रद्द झाली, रुग्णालयांची कामे अडली. आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. रक्षणासाठी आत ठेवलेला पहारेकरीच दारात कोसळल्यासारखा हा प्रकार होता.

सुरक्षित उत्तर आणि खरे उत्तर

तपासनीस इतका सुधारला तर मग शलाका लिहिणाऱ्याने गाभ्याचा अभ्यास कशाला करायचा? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील, आणि तो योग्यच आहे.

तपासनीस एवढीच हमी देतो की शलाकेमुळे यंत्र बंद पडणार नाही. तिने आणलेले उत्तर खरे आहे, अशी हमी तो देत नाही. उदाहरणार्थ, कोणती फाइल उघडली जाते हे पाहण्यासाठी विनंती गाभ्यात शिरते त्या दारातच शलाका लावली. तिथे फाइलचे नाव अजून वापरकर्त्याच्याच स्मृतीत असते. शलाकेने ते वाचल्यावर आणि गाभ्याने त्याची नक्कल घेण्याआधी, त्याच आज्ञावलीचा दुसरा धागा ते नाव बदलू शकतो. मग शलाकेच्या वहीत एक नाव आणि प्रत्यक्षात उघडलेली फाइल दुसरीच. पहाऱ्यासाठी ही नोंद वापरली तर चोर सहज निसटेल.

दुसरे उदाहरण. मूळ आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होताना छोटी कार्ये कधीकधी ज्या ज्या ठिकाणी वापरली तिथेच उतरवून टाकली जातात. अशा कार्याच्या नावावर टाचणी लावली तर काही ठिकाणचे प्रसंग मोजलेच जात नाहीत. शलाका सांगते ‘शंभर वेळा’, प्रत्यक्षात काम हजार वेळा झालेले असते. शिवाय गाभ्यातील कार्यांची नावे आणि रचना आवृत्तीगणिक बदलतात. काल बरोबर मोजणारी शलाका उद्या गप्प बसू शकते, आणि गप्प शलाका पाहून सारे ठीक आहे असा समज होऊ शकतो.

तापमापक फुटणार नाही एवढ्याने ताप बरोबर मोजला जात नाही. तो काखेत धरला की जिभेखाली, किती वेळ धरला, हे मोजणाऱ्याला माहीत असावे लागते. लायन्स यांचे विद्यार्थी नऊ हजार ओळी वाचून जे शिकले, ते आज तीन कोटी ओळींतील नेमक्या शे-दोनशे ओळी शोधून शिकावे लागते. सर्व वाचण्याची गरज राहिली नाही, पण जिथे टाचणी टोचायची तिथले तरी वाचायलाच हवे.

वर्गात करून पाहण्याजोगे

तपासनिसामागचा गणिती विचार संगणकाशिवायही शिकवता येतो. दहा चिठ्ठ्यांवर १ ते १० क्रमांक घाला आणि प्रत्येकीवर एक सोपी आज्ञा लिहा. ‘फळ्यावरच्या संख्येत ३ मिळवा’, ‘संख्या सम असेल तर चिठ्ठी ७ कडे जा’, अशा. अट एकच. उडी मोठ्या क्रमांकाच्या चिठ्ठीकडेच मारायची. मुलांना हवे तसे क्रम लावू द्या आणि विचारा, जास्तीत जास्त किती पायऱ्यांत खेळ संपेल? दहापेक्षा जास्त पायऱ्या होऊच शकत नाहीत, कारण प्रत्येक पायरीला क्रमांक वाढतो आणि दहाच्या पुढे चिठ्ठी नाही. ही सिद्धता नववीच्या मुलांना स्वतः सुचू शकते. १९९३ च्या गाळणीतला नियम हाच.

मग मागे उडी मारण्याची मुभा द्या आणि ही आज्ञावली मांडा : संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिपटीत एक मिळवा, १ आल्यावर थांबा, नाहीतर पहिल्या चिठ्ठीकडे परत जा. ७ पासून सुरू केले तर सोळा पायऱ्यांत १ येतो. २७ घेऊन पाहा, तास संपेल पण गणित संपणार नाही. तिला १११ पायऱ्या लागतात. हा खेळ प्रत्येक संख्येसाठी थांबतोच का? हा प्रश्न लोथर कोलाट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत संगणकाने पडताळा घेतला आहे, पण सर्व संख्यांसाठीची सिद्धता अजून कोणालाही मिळालेली नाही.

आता वर्गातल्या एका मुलाला तपासनीस करा आणि विचारा, ‘ही आज्ञावली तू रुग्णालयाच्या चालत्या यंत्रात जाऊ देशील का?’ तो काय उत्तर देतो यापेक्षा कोणते कारण देतो, यावर चर्चा होऊ द्यावी.